दहापैकी चार

१३ एप्रिल २०२१, मंगळवार. पाडवा.

गुढी या वर्षी मीच उभारली आणि ती वाकडी झाली. मंगल खाटेवरून बघून म्हणाली, "असू द्या. वाऱ्यानं झाली म्हनायचं." वारा अजिबात नव्हता.

तिची खाट आतल्या खोलीतून सोप्यात खिडकीशी आणली आहे, कारण मोबाइलला रेंज तिथेच येते. फेब्रुवारीत कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाशयाचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, आता उपचार नाहीत, त्रास होणार नाही एवढं बघायचं. वेदनेच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या खेपेला जायचं तर हा कोरोना. राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर, जाताना अडवत नाहीत, येताना चाचणीचा कागद मागतात. मणका धरून पडलेल्या बाईला घेऊन त्या रांगेत कोण उभं राहणार? म्हणून आमच्या मुलानं, सौरवनं, पुण्यात बसून बेळगावच्या एका डॉक्टरीणबाईंशी जोडून दिलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता त्या मोबाइलवर दिसणार, विचारणार आणि औषध सांगणार. गोळ्या निपाणीच्या सरकारी दवाखान्यातून आपली आशाताई नीलम आणून देणार. पोरानं काम चोख केलं. तसं त्याला फोनवर मात्र म्हणालो नाही.

डॉक्टरीणबाई म्हणजे अक्षता हिरेमठ, धारवाडकडच्या. वय सौरवएवढं असेल. मराठी थोडंफार समजतं, बोलता येत नाही. मला कानडी येते, कचेरीपुरती. सीमाप्रश्नात तरुणपणी चार दिवस तुरुंगात काढलेला माणूस मी, घराच्या उंबऱ्याच्या आत ती भाषा कधी येऊ दिली नाही. मंगल तर माहेरची कागलची, तिला कुठली कानडी. तेव्हा दुभाषी मीच.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, नोवु एष्टु? दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही असं. तर दहापैकी किती?

प्रश्न गणिताचा, म्हणजे उत्तर माझं. मी मंगलकडे बघितलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. कपाळावर घाम होता, पण एप्रिल आहे. मी विचारलं, "चार म्हणू ना?" ती म्हणाली, "म्हना."

चार सांगितले. बाई म्हणाल्या, ठीक आहे, गोळ्या आहेत तशाच चालू देत.


१६ एप्रिल, शुक्रवार.

पुन्हा चार. बाईंनी विचारलं, त्या स्वतः सांगतात ना? मी म्हटलं, त्यांना कानडी येत नाही, मी विचारून सांगतो. मंगल माझ्याकडे बघत होती. मग तिनं वर कौलांकडे बघितलं.

चार हा विचारपूर्वक दिलेला आकडा आहे. बोरगावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं. उभ्या नोकरीत दहापैकी दहा फक्त दोघांना दिले आणि त्यातल्या एकानं कॉपी केल्याचं मागाहून कळलं. पोरं मला मागं काय म्हणायची ते ठाऊक आहे. पण गुण म्हणजे काही शेंगदाणे नव्हेत, कुणीही यावं आणि मूठ भरून न्यावं.


२३ एप्रिल, शुक्रवार.

आज तीन सांगितले. का ते इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

एक तर मंगळवारी चार ऐकून बाई नुसत्या 'हूं' म्हणाल्या होत्या. आज तीन म्हणताच त्यांचा चेहरा फुलला. "भाळ छलो, सर," म्हणाल्या. फार छान. तुम्ही नीट काळजी घेता. साठी उलटून आठ वर्षं झाली, मला शाबासकी देणारं कुणी उरलेलं नाही. बरं वाटलं.

दुसरं कारण जास्त खरं आहे. त्या गोळ्या म्हणजे मॉर्फिन, अफूच ती. आमच्या जोतिबाकाकांना शेवटी ती दिली होती. आधी एक, मग दोन, मग चार, आणि तीन आठवड्यांत ते गेले. आकडा वाढला की गोळी वाढणार आणि गोळी वाढली की पुढचं मला माहीत आहे. आकडा माझ्या हातात आहे तोवर ते मी होऊ देणार नाही.

मंगलला पोट साफ होत नाही, दिवसभर गुंगी असते, हेही बाईंना सांगितलं. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, दुखणं तीनच असेल तर दुपारची गोळी अर्धी करून बघू. मी मंगलला सांगितलं, "बघ, गोळी कमी झाली. सुधारणा आहे." ती "व्हय" म्हणाली.


२७ एप्रिल, मंगळवार.

तीन. आज रात्रीपासून चौदा दिवस सगळं बंद. आमच्या गावात तसंही सगळं सातलाच बंद होतं.

मंगलनं दोन नवी खुळं काढली आहेत. एक म्हणजे रेडिओ. चाळीस वर्षांत तिनं स्वतः होऊन कधी रेडिओ लावला नाही. आता दुपारी म्हणते, मोठ्यानं लावा. भजन असो, कानडी बातम्या असोत, काहीही चालतं. मी घरात कानडी बातम्या नको म्हणालो तर म्हणाली, "आवाज हाय नव्हं? आसू द्या."

दुसरं, मला तीन वाजता घराबाहेर घालवते. "तुमची साखर वाढल्या. जरा फिरून या, साडेचारापतुर." स्वतः आजारी असताना तिला माझ्या साखरेची पडली आहे. शाळा बंद आहे पण शिपाई यल्लाप्पा ओळखीचा, मागच्या दारानं आत घेतो. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसतो. उन्हात सगळी मैदानं मोठी दिसतात. परत आलो की मंगल डोळे मिटून पडलेली असते, केस ओले. पाण्याचा हात फिरवला म्हणते.


१ मे, शनिवार.

नीलम गोळ्या घेऊन आली. तोंडाला मास्क, वर प्लास्टिकची काच, घामानं निथळत. सातवीत ती माझ्याकडे होती. अपूर्णांकात तीन गुण दिले होते, ते तिनं अजून लक्षात ठेवलेत. आल्या आल्या म्हणते, "सर, तुमच्या तिनानंच मी नर्सिंगला गेले न्हाय, आशाताई झाले." हसत म्हणाली, पण म्हणाली.

मंगलची पाठ पुसताना ती थांबली. "सर, काकूंची उशी कशानं फाटल्या?"

बघितलं तर उशीच्या कोपऱ्याला भोकं, कापूस बाहेर. मी म्हटलं, उंदीर असणार, कौलातून येतात. मंगल म्हणाली, "उंदीरच. लई झाल्यात." नीलम दोघांकडे बघत राहिली. नंतर दारात मला विचारते, "दुखणं किती सांगता डॉक्टरांना?"

"तीन."

"काकू म्हनतात का तुम्ही म्हनता?"

मी तिला म्हटलं, तुझं काम गोळ्या आणायचं. पूर्वी वर्गात म्हणायचो त्याच आवाजात म्हटलं. ती गेली. मग मी माळ्यावरचा उंदराचा सापळा काढला, भाकरीचा तुकडा अडकवून खाटेखाली लावला आणि अभ्रा बदलला.


७ मे, शुक्रवार.

तीन. भाळ छलो.

सापळा रिकामा. भाकरी वाळून कडक झाली, नवी लावली. अभ्र्याला मात्र पुन्हा भोकं. हुशार उंदीर आहे.


१४ मे, शुक्रवार. अक्षय तृतीया.

सकाळी अकराला तीन सांगितले. बाई म्हणाल्या, इतके पेशंट बघते पण असं घर कमी.

तीनला नेहमीप्रमाणे निघालो. नवी कडक बंदी सोमवारपासून लागली आहे. शाळेच्या वळणावर पोलिसानं काठी आडवी धरली, "मास्तर, मनिगी होग्री." घरी जा. वयाकडे बघून मारलं नाही एवढंच. मी परत फिरलो. दहा मिनिटं झाली असतील.

गल्लीच्या तोंडाशी रेडिओ ऐकू येत होता. तेवढा मोठा आवाज लागतो हे बाहेरून प्रथमच कळलं. आणि रेडिओच्या खाली दुसरा एक आवाज होता. तो माणसाचा आहे हे कळायला मला वेळ लागला आणि माझ्या घरातून येतोय हे कळायला आणखी थोडा.

शेजारची मालुबाई तिच्या ओट्यावर तोंडाला पदर लावून बसली होती. समोरच्या दारात दोघी उभ्या होत्या. मला बघून त्या आत गेल्या. मालुबाई उठली नाही.

"आज लवकर आलासा, मास्तर?"

मी आमच्या दाराकडे बघितलं.

"रोजचं हाय हे," ती म्हणाली. "तुम्ही गेलासा की सुरू हुतंय, तुम्ही यायच्या आत थांबतंय. दुपारचं सोसत न्हाय म्हनती. उशीत त्वांड घालती, तरी बाहेर येतंयच की. आम्हा समद्यास्नी तिनं शपथ घातल्या. मास्तरास्नी सांगशीला तर माझं मेलेलं त्वांड बघशीला म्हनून."

"समद्यांना?"

"सगळी गल्ली ऐकतीया, मास्तर. तीन आठवडे झालं. तुम्हीच न्हाय तेवढं."

आता पुढचं लिहायचं आहे. मी आत गेलो नाही. दार ढकलायला हात उचलला होता. पण मी आत गेलो तर तिला कळणार की मला कळलं, आणि मग मी तिच्यासमोर उभा कसा राहणार? मी मागे वळलो. मालुबाईसमोरून, त्या दोन्ही दारांसमोरून, बायको आत ओरडत असताना मी परत चालत गेलो. पोलीस चुकवून शेतातल्या वाटेनं शाळेत गेलो, पायरीवर बसलो आणि साडेचारला नेहमीसारखा आलो. चपला काढता काढता विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हाय," ती म्हणाली. केस ओले होते.


१८ मे, मंगळवार.

चार दिवस ठरवत होतो की आज खरं सांगायचं. नऊ म्हणायचं. बाईंचा चेहरा पडद्यावर आला, त्यांनी नोवु एष्टु म्हटलं आणि माझ्या मनात हिशेब सुरू झाला. शुक्रवारी तीन आणि मंगळवारी नऊ कसे? त्या विचारणार, मधल्या दिवसांचं काय? असं घर कमी म्हणालेल्या बाईंना मी काय सांगणार?

"ऐदु," म्हणालो. पाच.

बेरीज चुकली हे कळल्यावर नाव जाऊ नये म्हणून परीक्षक दोन गुण वाढवून गप्प बसतो, तसं केलं मी. बाईंनी दुपारची गोळी पुन्हा पूर्ण केली. मंगल माझ्याकडे बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे.

मी आता तीन वाजता जात नाही, बंदीचं निमित्त सांगितलं. ती रेडिओ लावायला सांगत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते आणि तिच्या पाठीचे मणके लुगड्यातून मोजता येतात. आवाज मात्र बिलकूल नाही. माझ्या घरात बसण्यानं तिची ओरडायची जागाही गेली.


१९ मे, बुधवार.

आज फोनचा वार नव्हता. दुपारी पावणेतीनला मंगलनं उशीचा कोपरा दातात धरला. माझ्याकडे पाठ होती, पण समोरच्या कपाटाच्या आरशात मला दिसलं. मी उठलो आणि फोन घेतला.

खिडकीशी रेंज नव्हती, एक काडी यायची आणि जायची. दारात गेलो, तिथेही नाही. शेवटी मालुबाईच्या ओट्यावर चढलो तेव्हा लागला. बाईंना माझं नीट ऐकू येईना, त्या "जोरात बोला, सर" म्हणत होत्या. म्हणून जोरात बोललो. कानडीत सुरुवात केली आणि अडलो, कचेरीच्या कानडीत हे शब्द नाहीत. मग मराठीत बोललो.

"मी आकडा चुकीचा सांगत होतो. पहिल्यापासून. तिला विचारलंच नाही. मीच ठरवला."

"ऐकू येत नाही, सर, पुन्हा सांगा," असं त्या कानडीत म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. मालुबाई दारात होती. समोरच्या दोघी होत्या, यल्लाप्पा सायकल धरून उभा होता. ज्यांच्या पोरांना मी एकतीस वर्षं फळ्यासमोर उभं करून चुका वाचायला लावल्या, ते सगळे ऐकत होते. "गोळी वाढली की ती आमच्या काकांसारखी जाईल अशी भीती वाटली," मी म्हणालो. "आणि तुम्ही छान म्हणत होता." हेसुद्धा मोठ्यानं बोलावं लागलं.

मला वाटलं बाई रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, गोळीनं माणूस जात नाही, सर, तुमचे काका आजारानं गेले. गोळीची भीती वाटते का, हे मी डॉक्टर म्हणून पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. आता फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर थांबा.

रेंज खिडकीशी परत आली होती. मी फोन मंगलच्या हातात दिला आणि दाराआड उभा राहिलो. दुभाष्याशिवाय काय बोलणार या दोघी, असं त्याही वेळी माझ्या मनात आलं.

बाईंनी कानडीत विचारलं, आक्का, दुखणं किती आहे?

"ओंबत्तु," मंगल म्हणाली. नऊ.

आणि मग ती कानडीत बोलायला लागली. माझ्यासारखी अडखळत नव्हे. आमच्या घरी दूध घालायला येणाऱ्या, संकेश्वरच्या बाजारात भेटणाऱ्या बाया बोलतात तशी सरळ, घडाघडा. चाळीस वर्षं ती ही भाषा माझ्या उंबऱ्याबाहेर बोलत होती आणि आत येताना तिथेच ठेवत होती. माझं आणि बाईंचं प्रत्येक बोलणं, तीन सांगितलेलं, भाळ छलो म्हटलेलं, सगळं तिला कळत होतं.

बाईंनी विचारलं, कधीपासून नऊ?

"पाडव्यापासून."

मग आधी का सांगितलं नाही?

दाराआड मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती कानडीत जे म्हणाली ते मी इथे मराठीत लिहितो.

"मास्तरांनी चार दिलते. मी चारात बसवायला बघत होते."


२२ मे, शनिवार.

नीलम नव्या गोळ्या घेऊन आली. मोठी गोळी दर चार तासांनी आणि मध्येच उसळलं तर एक जास्तीची. कागदावर तक्ता करून दिला. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तुला बोलायला नको होतं." ती म्हणाली, "आसू दे, सर." मग जाताना, "अपूर्णांकाचं पन बोला की कधीतरी." मी मान हलवली. तो पेपर मला आठवत नाही. तिला तीनच मिळायला हवे होते की नाही, आता कोण सांगणार.

गल्लीत लोक पूर्वीसारखेच 'मास्तर' म्हणतात. मालुबाई पेज पाठवते. कुणीही काही बोललं नाही आणि ते बोलतील याची वाट बघत मी दार उघडतो.


२५ मे, मंगळवार.

अकरा वाजता फोन मंगलच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर बसलो. आतून दोघींचं कानडी ऐकू येत होतं, मध्येच मंगल हसली. कशाला हसली ते विचारलं नाही. आकडाही नाही विचारला.


१ जून, मंगळवार.

ती आता जास्त झोपते. जेवण दोन घास. दिवस थोडे आहेत, हे बाईंनी मला फोनवर सरळ सांगितलं आणि गोळीमुळे नव्हे, हेही पुन्हा सांगितलं. मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. रात्री काका आठवतात तेव्हा ठरवलेलं मोडतं, सकाळी पुन्हा ठरवतो.

आज तीन वाजता मी खाटेशी बसलो होतो. रेडिओ बंद. ती जागी झाली, माझ्याकडे वळली. बऱ्याच दिवसांनी भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे. मी धीर करून विचारलं, "किती?"

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. सवयीनं.

"मी नाही. तू."

तिनं वर बघून विचार केला, वर्गातली पोरं करायची तसा. "तीन," म्हणाली.

तीन. हा आकडा ऐकून पूर्वी मला किती बरं वाटलं असतं. आता मात्र तो खरा की तिनं पुन्हा माझ्यासाठी बसवलेला, हे मला ओळखता येत नाही. चाळीस वर्षांत ती खरं कधी बोलते आणि माझ्यासाठी कधी बोलते हे शिकायचं राहून गेलं, आणि आता शिकायला वेळ नाही. मी तिचं डोकं उचललं, उशी काढून घेतली आणि चारही कोपरे बोटांनी चाचपले. परवाचा धुतलेला अभ्रा, चारही कोपरे धड. कुठेही ओल नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मी काय तपासतोय ते तिला कळलं होतं.

उशी परत ठेवली. मग वाकून खाटेखालचा सापळा बाहेर काढला. रिकामाच होता, भाकरीला बुरशी आली होती.

"उंदीर घावला काय वो?" तिनं विचारलं.

"घावला," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"म्हातारा हाय," ती म्हणाली. "मारू नगा."

सापळा घेऊन मी परसात गेलो आणि, तिला ओरडायचं असेल तर ओरडता यावं म्हणून, साडेचारपर्यंत तिथेच उभा होतो. पलीकडे मालुबाई कपडे वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं.